कोबोलमध्ये वसवलेलं गाव

नागपूरच्या मे महिन्यात स्वेटर घेऊन फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. रस्त्याचं डांबर पातळ झालंय, रिक्षावाले ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळून कडुनिंबाखाली पडलेत, कुत्री नालीच्या गारव्याला पोट लावून बसलीत, आणि अशा उन्हात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यानं श्रावणजी भोयर सायकल मारत येतायत. हँडलला एक जाड, चॉकलेटी, कोपरांवर ठिगळं लावलेला स्वेटर. पानठेल्यावरची मंडळी रोज विचारायची, "काहून गा श्रावणजी, काश्मीरले चालले काय?" आणि श्रावणजी रोज तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "हो ना. पाच वाजता परत येतो."

त्यात खोटं काही नव्हतं. आमच्या संगणक केंद्रात माणसांना पंखे होते आणि मशीनला एसी. मशीन म्हणजे तीन खोल्यांचा संसार. कार्डं गिळणारा एक भाग, टेप फिरवणारा दुसरा, कागद ओकणारा तिसरा. त्या खोलीत अर्धा तास बसलं की दात वाजायचे. आम्ही नवी पोरं शर्टाची नाहीतर पदराची टोकं ओढत कुडकुडायचो, आणि श्रावणजी स्वेटर घालून, पेन्सिल कानावर ठेवून, सुपारी गालात धरून, कार्डं चाळत बसलेले. देवळातल्या पुजाऱ्यासारखे. फक्त देव जरा आवाज फार करायचा.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी तेव्हा नुकतीच प्रोग्रामर म्हणून लागले होते आणि जगाला आपण काहीतरी दाखवून देणार अशा थाटात होते. आमच्या केंद्राचं मुख्य काम एका परीक्षेचा निकाल लावणं. मार्क कार्डांवर भोकं पाडून यायचे, मशीन ते वाचायचं, आणि अर्ध्या विदर्भाच्या घरांतलं त्या दिवशीचं जेवण गोड होणार की अळणी, ते ठरायचं. हे सगळं ज्या प्रोग्रामवर चालायचं तो श्रावणजींचा. कोबोल नावाच्या भाषेत लिहिलेला.

या कोबोलची एक गंमत सांगते, म्हणजे पुढचं नाटक कळेल. मशीनला हुकूम इंग्रजी शब्दांत द्यायचे: वाच, हलव, बेरीज कर. हे शब्द भाषेनं स्वतःसाठी राखून ठेवलेले. त्यांना म्हणायचं राखीव शब्द. बाकीच्या वस्तूंची नावं तुम्ही ठेवायची, मनाला येतील ती. मात्र चुकून राखीव शब्द एखाद्या वस्तूचं नाव म्हणून वापरलात, की मशीन रुसून बसायचं. आता अडचण अशी की भाषा वाढत होती. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती यायची, आणि काल तुमचे असलेले आणखी वीस-तीस शब्द तिनं राखीव केलेले असायचे.

श्रावणजी 'राखीव' म्हणत नसत. ते म्हणत, 'सरकारजमा'.

नवी माहितीपुस्तिका आली की त्यांचा एक विधी असायचा. स्वेटर काढून खुर्चीला अडकवायचे, एसीची खोली सोडून बाहेर व्हरांड्यात यायचे, चष्मा पुसायचे आणि राखीव शब्दांची यादी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवत वाचायचे. त्या वेळी कोणी हाक मारली तरी ओ देत नसत. यादी संपली की पुस्तक मिटून म्हणायचे, "नाही गेलं. आपलं काही गेलं नाही." आणि चहा मागवायचे.

आपलं म्हणजे काय, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. तेव्हाच्या साहेबांनी मला श्रावणजींच्या प्रोग्रामचं छापील लिस्टिंग वाचायला दिलं. वाचते तर काय, मोठ्या रोमन अक्षरांत लिहिलंय: 'परफॉर्म वेस थ्रू मारुतीचा-पार'. म्हणजे वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत जा. पुढे 'किसनाची-विहीर', 'मोठी-चिंच', 'पाटलाचं-खळं'. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की नाव असं ठेवावं, की त्यातून काम कळावं. मी लिस्टिंग घेऊन त्यांच्याकडे गेले आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, "श्रावणजी, हे काय आहे?"

"गाव आहे," ते म्हणाले. "चाल, दाखवतो."

आणि मला घेऊन ते खरंच चालायला लागले. व्हरांड्याच्या या टोकाला उभं केलं. "हे वेस. इथं येणाऱ्याले पहिले रोल नंबर विचारायचा. विचारल्याबिगर आत घ्यायचं नाही." चार पावलं पुढे. "ही चावडी. इथं सारे मार्क गोळा होतेत. ही किसनाची विहीर. इथं वाकून खाली पाहायचं, कोणत्या विषयात पोट्टं खोल गेलं. आता आली मोठी चिंच." इथे ते थांबले. पाण्याच्या माठाजवळ. "चिंचेपाशी दोन रस्ते फुटतेत. पास झाला थो उजवीकडं वर, मारुतीच्या पाराकडं. तिथं कोणाले पहिला वर्ग, कोणाले मेरिट. अन् नापास झाला थो डावीकडं खाली, नाल्याकडं."

"आणि नाला कुठे जातो?"

"नाला फिरून वेशीतच येते वं. ऑक्टोबरात."

मी हसले. मग प्रोग्राम पुन्हा वाचला, तर तो मला तोंडपाठच झाला होता. कॉलेजात शिकलेला एकही प्रोग्राम मला असा पायांनी पाठ झालेला नव्हता.

"खरंच आहे का हे गाव?" मी विचारलं.

"सालईडोह. रामटेकच्या मांगं."

"एखाद्या रविवारी येऊ का बघायला?"

त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "पोहता येते काय तुले?"

तिकडे धरण झाल्याचं ऐकलं होतं. पण धरण म्हणजे मला तोवर फक्त सहल आणि डब्यातल्या पुऱ्या.

"इंग्रजी शब्दांवर घर बांधू नये माणसानं," ते पुढे इतकंच म्हणाले. "त्यांची जमीन आहे थे. कधीही नोटीस येईल. पण किसनाची विहीर कोणती अमेरिका सरकारजमा करते, सांग."

आता माझ्या हातून घडलेला पराक्रम.

प्रोग्रामच्या एकेका भागाला आम्ही पॅरा म्हणायचो. श्रावणजींची पद्धत अशी, की प्रत्येक पॅऱ्याची कार्डं वेगळ्या गठ्ठ्यात, गठ्ठ्याला सुती दोरा आणि वरच्या कार्डावर पेन्सिलीनं नाव. असे तेवीस गठ्ठे एका लांब ट्रेमध्ये ओळीनं लावलेले. ओळ महत्त्वाची. अमक्यापासून तमक्यापर्यंत जा म्हटल्यावर मशीन मधले सगळे पॅरे ओळीनं चालत जाणार; ओळ चुकली की निकाल चुकला. त्या आठवड्यात त्यांनी गावात आठ नवी घरं वसवली होती, म्हणजे आठ नवे पॅरे घातले होते, कुंभाराची भट्टी आणि भिमाजीचा गोठा त्यांतलेच, आणि छपाईचा कागद संपल्यामुळे नवं लिस्टिंग निघालेलं नव्हतं. निकाल दुसऱ्या दिवशी. श्रावणजी रजेवर. आणि मी, जगाला दाखवून देणारी, तो ट्रे घेऊन जिन्यावरून उतरताना साडीत पाय अडकून पडले.

मला काही झालं नाही. गाव मात्र तेवीस पायऱ्यांवर विखुरलं.

दोऱ्यांनी गठ्ठे राखले, ओळ गेली. मी ते कसेबसे ट्रेमध्ये भरले, मांडीवर घेतले आणि सायकल रिक्षात बसून धंतोली गाठली. तिथे एका डोळ्यांच्या दवाखान्यात श्रावणजींच्या गिरजामावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मावशीनंच त्यांना लहानपणी सांभाळलेलं. खोलीत शिरले तेव्हा मावशी पलंगावर सरळ बसलेली, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, आणि श्रावणजी तिला चमच्यानं वरणभात भरवत होते.

मी रडत सांगितलं. ते रागावले नाहीत. हात धुतले, ट्रे स्टुलावर घेतला आणि गठ्ठे लावायला बसले. वेस, चावडी, विहीर. हात भराभर चालत होता. मोठी चिंच लावली. आणि मग हात हवेतच राहिला. एका हातात कुंभाराची भट्टी, दुसऱ्या हातात भिमाजीचा गोठा.

"काय झालं गा?" मावशीनं विचारलं. डोळे बांधलेल्या माणसाला शांतता लवकर ऐकू येते.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "चिंचेपासून पाराकडं निघालं, तर भट्टी पहिले का गोठा?"

मी त्यांच्याकडे पाहत होते. निकालाची काळजी त्या चेहऱ्यावर नव्हतीच. आठ-नऊ वर्षांचे असताना शाळेसाठी गाव सोडलेला माणूस तो. शंका आली तर जाऊन बघून यावं, अशी सोय आता उरली नव्हती.

मावशीनं पट्टी बांधलेलं तोंड किंचित वर केलं. पलंगावर बसल्या बसल्या तिची पावलं चादरीखाली हलायला लागली, मी शपथेवर सांगते. "चिंचेखालून निघालं," ती म्हणाली, "तर पहिले शेणाचा वास येते. मंग धूर. गोठा पहिले, बाबू. भट्टीच्या बाजूनं बैल बांधन काय भिमाजी?"

श्रावणजींनी गोठा लावला, मग भट्टी. मावशी पुढे चालतच राहिली. शाळेची भिंत, रामाचं उंबर, पाटलाचं खळं, आणि एकेक गठ्ठा आपल्या जागी बसत गेला. सगळे तेवीस लागले. खोलीत औषधाचा वास होता, बाहेर रिक्षांच्या घंट्या, आणि मला मात्र वाटत होतं की आपण आत्ता कुठूनतरी चालून आलो, आपल्या चपलांना माती असणार.

मग मावशी म्हणाली, "अन् माह्यं घर?"

श्रावणजी दोरा नीट करत राहिले.

"चिंचेच्या अन् नाल्याच्या मधात माह्यं घर होतं. थे कुठी गेलं?"

"तिथं काही काम नाही निघालं, मावशी."

"घराले काम लागते काय गा?" ती माझ्या दिशेनं वळली. "धरणाची नोटीस यानंच वाचून दाखवली वं पोरी, चावडीवर. शिकलेला हाच होता ना. साऱ्या गावाचे अंगठे यानंच धरून धरून घेतले. माह्या अंगठ्याच्या वक्ती याचाच हात कापून राहिला होता."

श्रावणजींनी ट्रे उचलला आणि म्हणाले, "चाल कुमुद, उशीर होते."

निकाल वेळेवर लागला. पण जिन्यावरून पडणारी गोष्ट कुठे लपते? त्या वर्षी मुंबईहून करमरकर नावाचे नवे साहेब आले होते. पांढरा शर्ट, खिशात तीन रंगांची पेनं. माणूस सज्जन, कामाला पक्का. त्यांनी श्रावणजींना बोलावलं. मीही उभी होते, आरोपी नंबर दोन म्हणून.

"भोयर, तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही," साहेब म्हणाले. "पण उद्या तुम्ही नसलात, तर पट्टी बांधलेल्या बाईंना विचारून निकाल लावायचा का आम्ही?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं, हीच तर पंचाईत.

साहेबांनी एक चार पानी नियमावली पुढे सरकवली. यापुढे सर्व नावं प्रमाणित. इंग्रजी, छोटी, अर्थपूर्ण. एकूण मुलांना 'काउंट', परीक्षेच्या दिवसाला 'डेट', गुणवत्ता यादीतल्या पहिल्यांना 'टॉप'. जुनी नावं काढून टाकायची.

मला वाटलं, आता भांडण होणार. मी तर आतून पडदा उघडायची वाट पाहत होते. श्रावणजींनी फक्त विचारलं, "मुदत किती दिवसाची, साहेब?"

"दोन महिने पुरतील?"

"तिकडं तीन दिले होते," ते म्हणाले. साहेबांना कळलं नाही. मला कळलं.

आणि त्यांनी नावं काढायला घेतली. रोज थोडी. मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसायचे, म्हणून पाहत होते. आधी नाला काढला. मग नाल्याकाठचं रामाचं उंबर. मग किसनाची विहीर, गोठा, भट्टी. मला वाटलं, काहीही क्रम आहे. एक दिवस विचारलं, तर डोकं वर न करता म्हणाले, "पाणी असंच आलं होतं. पहिले खालच्या अंगानं." शेवटी मारुतीचा पार तेवढा उरला. तो दोन दिवस तसाच ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या आधी काढला.

जुनी कार्डं रद्दीत जायची होती. त्यांनी रीतसर अर्ज करून ती मागून घेतली. अर्जात कारण लिहिलं: घरगुती वापर. साहेबांनी सही केली. आमच्याकडे बरेच जण कार्डांच्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या लिहायचे, त्यांना तसंच वाटलं असणार. श्रावणजींनी तो ट्रे एसटीत घालून पुनर्वसनाच्या वस्तीत नेला आणि गिरजामावशीच्या घरी फळीवर ठेवून दिला. नवी वस्ती म्हणजे सरळ रेषेत आखलेली पत्र्याची घरं. तिथे वेस नव्हती, त्यामुळे कोणी आलं काय, गेलं काय.

पुढच्या वर्षी आमचं जुनं मशीन गेलं, नवं आलं आणि त्याच्याबरोबर कोबोलची नवी आवृत्ती आली. श्रावणजींनी स्वेटर काढला, व्हरांड्यात बसले, बोट फिरवत यादी वाचली. या वेळी मिटलेलं पुस्तक मांडीवर घेऊन जरा वेळ बसून राहिले.

"काय गेलं?" मी विचारलं.

"डेट गेली. काउंट गेला. टॉप गेला." पुस्तक माझ्या हातात दिलं. "साहेबाची पुरी आळी गेली वं."

ते साहेबांना सांगून आले. साहेब म्हणाले, मशीनवाल्यांनी लिहून दिलंय, जुनं सगळं चालेल. मग चाचणीचा दिवस आला, प्रोग्राम मशीनमध्ये घातला, आणि छपाईयंत्रानं चुकांचा जो कागद ओकायला सुरुवात केली तो जमिनीवर घड्या घालत दारापर्यंत गेला. काउंट नाकारला, डेट नाकारली, टॉप नाकारला. तुम्ही म्हणाल, मग बदला ते शब्द. पण एकेक शब्द शेकडो कार्डांवर बसलेला, प्रत्येक कार्ड नव्यानं पंच करायचं. जुनं मशीन उचलून नेलेलं. आणि निकाल चार दिवसांवर.

करमरकर साहेब त्या कागदाच्या ढिगात उभे होते. तीन पेनांपैकी एकाचं टोपण पडलं होतं. ते म्हणाले, "भोयर, तुमची ती कार्डं... घरगुती वापरात संपली का हो?"

मी आणि श्रावणजी सकाळच्या एसटीनं निघालो. मावशीचं घर ओळीतलं सातवं. आता तिला छान दिसत होतं. तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाली, "हेच काय गा ते पोरगी, गाव पाडणारी?" मी मान खाली घातली. फळीवर ट्रे होता. गठ्ठे ओळीनं लावलेले, दोरे नवे, आणि एकावरही धूळ नाही.

श्रावणजींनी सांगितलं, काय घडलंय आणि काय हवंय.

"कोणाले पाहिजे म्हणते?"

"सरकारले, मावशी."

"एक डाव देऊन झालं सरकारले," ती म्हणाली. "आता नाही देत."

मला आधी हसू आलं. अर्ध्या विदर्भाचा निकाल त्या फळीवर होता, आणि फळीपुढे चार फूट उंचीची बाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. श्रावणजींनी तिला समजावलं नाही, हे मला आजही नवल वाटतं. ते खाली बसले. जमिनीवर, भिंतीला टेकून.

"नको देऊ," ते म्हणाले. "मीही नाही दिलं पाहिजे होतं."

बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. मग मावशीनं माठातलं पाणी काढून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि शेजारी गुळाचा खडा.

"पोट्टे थांबून आहेत काय निकालासाठी?"

"हो."

"मंग माह्यं घर टाक. मंग नेजो. अन् मी संगं येतो. माह्या डोळ्यासमोर न्यायचं, माह्या डोळ्यासमोर वापस आणायचं."

श्रावणजींनी पेला खाली ठेवला. कानावरची पेन्सिल काढली. "कुमुद," ते म्हणाले, "कोडिंगचा कागद आहे काय?"

होता. त्या वर्षी परीक्षेचा एक नवा नियम आला होता. एखाद्याच विषयात दोन-चार मार्कांनी नापास होणाऱ्याला वाढीव मार्क देऊन पास करायचं. त्याला ग्रेस म्हणतात. जुन्या गावात त्याची सोय नव्हती. आता मुलगा चिंचेपाशी नापास ठरला, डावीकडे वळला, नाल्याकडे निघाला, की वाटेत एक घर लागणार. तिथे त्याला थांबवायचं, थोडं कमी असेल तर आपल्याजवळचं घालायचं आणि पारावर परत पाठवायचं. श्रावणजींनी कागदाच्या डोक्यावर सुवाच्य रोमन अक्षरांत लिहिलं: 'गिरजामावशीचं-घर'. मावशीनं विचारलं, "काय लिहून राहिला?" त्यांनी वाचून दाखवलं. पॅऱ्यात काय काम चालणार तेही सांगितलं.

"मंग असंच तर होतं," ती म्हणाली. "नवीन काय त्याच्यात?"

दुपारी आमचा जथा केंद्रावर पोचला. मी, ट्रे, श्रावणजी, आणि काष्ट्याचं लुगडं नेसलेली, अनवाणी गिरजामावशी. मशीनच्या खोलीत जोडे काढून जायचा नियम होता, त्यामुळे तिच्याइतकी नियमात बसणारी व्यक्ती त्या खोलीत आजवर आली नव्हती. आत शिरताच ती थरथरली. श्रावणजींनी स्वेटर काढून तिला घातला. बाह्या हाताच्या बाहेर वीतभर लोंबत होत्या. करमरकर साहेबांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. कार्ड वाचणाऱ्या यंत्राजवळ जाऊन उभी राहिली.

श्रावणजींनी पहिल्या गठ्ठ्याचा दोरा सोडला आणि म्हणाले, "वेस."

यंत्रानं कार्डं खेचायला सुरुवात केली. फरफर आवाज करत ती एका बाजूनं आत जात होती. मावशीनं श्रावणजींचं मनगट धरलं. ती काय पाहत होती, ते मला दिसत होतं. गाव पुन्हा आत चाललं होतं. चावडी गेली. विहीर गेली. चिंच गेली. नव्यानं पंच केलेलं तिचं घर गेलं. आणि यंत्राच्या दुसऱ्या बाजूला, जिकडे तिनं अजून पाहिलंच नव्हतं, कार्डं एकेक करून बाहेर येऊन बसत होती. तीच ओळ, तोच क्रम.

"मावशी, इकडं पाय," श्रावणजी म्हणाले.

तिनं पाहिलं. जवळ गेली. वरच्या कार्डावर बोट ठेवलं, ओलं लागतंय का पाहावं तसं.

"आलं गा वर," ती म्हणाली.

प्रोग्राम चालला. एकही चूक निघाली नाही. करमरकर साहेबांनी त्यांच्या नियमावलीत शेवटी एक ओळ हातानं जोडली, आणि ती पुढे कित्येक वर्षं तशीच राहिली: 'गावे, विहिरी, झाडे व नातेवाईक यांची नावे चालतील.' त्याच संध्याकाळी कार्डं मावशीबरोबर परत गेली, कबूल केल्याप्रमाणे. ट्रे मांडीवर घेऊन ती एसटीच्या खिडकीत बसली होती. कंडक्टरनं सामान वर टपावर टाकायला सांगितलं, तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढच्या तिकिटाकडे वळला.

पुढे श्रावणजी निवृत्त झाले आणि त्याच वस्तीत राहायला गेले. मावशी तोवर राहिली नव्हती. कार्डांचा जमाना संपला, पडद्यावर अक्षरं उमटायला लागली, आमच्या खोलीतली थंडीही कमी झाली. ऐंशीचं दशक सरत आलं असताना कोबोलची आणखी एक नवी आवृत्ती आली. तिची राखीव शब्दांची यादी मी छापून घेतली आणि एका रविवारी ती घेऊन त्यांच्याकडे गेले.

अंगणात बाजेवर बसले होते. बाज चारपैकी एका पायावर लंगडत होती. खूप म्हातारे दिसत होते. कानावर पेन्सिल मात्र होती, कशासाठी कोण जाणे. मी यादी दिली. त्यांनी ती मांडीवर घेतली. चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. यादी आता फार लांब झाली होती. मी समोर दगडावर बसून राहिले. वस्ती उतारावर, आणि उताराखाली लांबवर धरणाचं पाणी. ऊन कलताना ते पाणी आधी पितळी झालं, मग राखाडी. श्रावणजींचं बोट ओळीवरून ओळीवर जात होतं. एका ठिकाणी थांबलं, मागे गेलं, पुन्हा वाचलं, पुढे निघालं. आतल्या फळीवर चोवीस गठ्ठे दारातून दिसत होते.

शेवटचा शब्द झाला. त्यांनी चष्मा काढला.

"नाही गेलं," म्हणाले. "आपलं काही गेलं नाही."

मग यादीची घडी घातली, आणखी एक घडी घातली, खाली वाकून ती बाजेच्या लंगड्या पायाखाली सरकवली आणि पाण्याकडे तोंड करून पुन्हा बसले. बाज हलायची थांबली होती.